गुंडीची खुशाली

डग्लस, आयल ऑफ मॅन
९ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

तुझं पत्र आणि चिनूनं काढलेलं चित्र दोन्ही पोचलं. चित्रातली माझी मांजर गुंडी अगदी हुबेहूब आहे, गोल गरगरीत, मागचे पाय उंच आणि शेपटीच्या जागी काहीच नाही. पण खाली तू लिहिलंयस, "असलंच पिल्लू पुण्यात कुठे विकत मिळेल ते कळव, चिनूच्या वाढदिवसाला आणायचंय." फोनवर मी नुसतं 'नको' म्हटलं असतं आणि तू रुसली असतीस. म्हणून सगळं नीट लिहिते.

गुंडीला आणताना मीही अशीच वेडी झाले होते. लॅक्सी गावाजवळच्या एका शेतावर चार पिल्लं होती. एकाच आईची, पण शेपट्या चार तऱ्हांच्या. एकाला पुरती लांब, एकाला बोटभर खुंट, एकाच्या पाठीवरून हात फिरवला की शेवटी हाडाचा उंचवटा लागायचा, आणि गुंडीला तिथे नुसती खळी. इथे त्यांना लाँगी, स्टंपी, रायझर आणि रंपी म्हणतात. शेताची मालकीण म्हातारी म्हणाली, "गोठ्यात लाँगटेल फार झालेत, त्यांच्यासाठी ही मांजरं." मला वाटलं, शेपटीवाल्या मांजरांबद्दल बोलतेय. नंतर कळलं की इथली जुनी माणसं घुशीचं नाव तोंडातून काढत नाहीत, लाँगटेल म्हणतात. तुझी आजी आठवली गं. दिवेलागणीनंतर सापाला 'लांबडं' म्हणायची ना!

या बेटाला या बिनशेपटी मँक्स मांजरीचा फार अभिमान आहे. १९७० साली इथल्या क्राउन नाण्यावर तिचं चित्र होतं. बायबलातल्या नोहानं महापुराच्या वेळी तारवाचं दार लावलं आणि घाईत शेवटी आलेल्या हिची शेपटी त्यात सापडली, अशी गोष्ट इथे मुलांना सांगतात. मांजर आणि ससा यांचा संकर असंही म्हणतात, पण ते खोटं. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असल्यानं चाल तेवढी सशासारखी दिसते.

म्हातारीनं सांगितलं होतं, चार महिन्यांची होईपर्यंत इथेच राहू दे. मी ऐकलं नाही, अडीच महिन्यांची घेऊन आले. ती असं का म्हणत होती ते पुढे कळलं. गुंडी बसून उठली की अंथरूण ओलं. वाळूच्या ट्रेबाहेर घाण. मला वाटलं, खोडकर आहे, आणि मी तिच्यावर ओरडायचे, सुमे. एकदा तर रात्री बाल्कनीत ठेवली. मी नर्स, वॉर्डात रोज लघवीच्या नळ्या बघणारी, आणि माझ्या घरातल्या जिवाला लघवीची जाणीवच होत नाही हे मला दिसलं नाही. ते अजून टोचतं.

एक्स-रेत दिसलं की तिच्या कण्याच्या शेवटची काही हाडं तयारच झालेली नाहीत. शेपटी घालवणारं जनुक फक्त शेपटीपाशी थांबेल असं नसतं. कुठे किती आखूड होईल याचा भरवसा नाही. जरा पुढे गेलं की मूत्राशय, आतडी आणि मागच्या पायांकडे जाणाऱ्या नसाच अधू राहतात. बहुतेकदा हे पहिल्या चारसहा महिन्यांतच उघड होतं, म्हणून म्हातारी थांब म्हणत होती. आणि हे जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर पिल्लू पोटातच संपतं. दोन बिनशेपटी मांजरांची जोडी लावली की सरासरी चारातलं एक जन्मालाच येत नाही. जगलेल्या प्रत्येक रंपीत ते एकाच बाजूनं आलेलं असतं. जाणकार लोक म्हणून रंपीची जोडी शेपटीवाल्याशी लावतात.

आता आमचा दिवस सांगते. पहाटे सहाला, दुपारी आणि झोपताना तिची लघवी हातानं काढावी लागते. ती उभी असते, मी पोटाखाली दोन्ही बाजूंनी बोटं लावते, छोट्या लिंबाएवढी पिशवी हाताला लागली की हलकेच आणि सलग दाबायचं. जोर जास्त झाला तर इजा, थोडी आत राहिली तर जंतुसंसर्ग. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरून शिकवलं, आता श्रीधरलाही येतं. आईच्या पंचाहत्तरीला मी एकटीच आले आणि तू बोललीस, "जावईबापूंना वेळ नाही वाटतं." वेळ होता गं. गुंडीला कुणाच्या हाती सोपवणार?

दुसरी भीती बद्धकोष्ठाची. मागच्या हिवाळ्यात तीन दिवस तिला शी झाली नाही, खाणं बंद, कोपऱ्यात तोंड घालून बसली. दवाखान्यात एनिमा द्यावा लागला. (माणसांचा एनिमा मांजराला घरी कधीच देऊ नये, काहींतलं फॉस्फेट त्यांच्या जिवावर बेतू शकतं.) तेव्हापासून कोरडं खाणं बंद, ओल्या खाण्यात वरून पाणी, वाफवलेला लाल भोपळा चमचाभर आणि शी मऊ व्हायला डॉक्टरांनी ठरवून दिलेलं लॅक्टुलोज. शी झाली की श्रीधर मला कामावर मेसेज करतो, आणि माझा दिवस चांगला जातो. उचलताना एक हात कायम कुल्ल्यांखाली. तिथे थोपटायचं नाही, तिला दुखतं.

तिचा स्वभाव कसा सांगू? शेपटी नाही, म्हणून राग, आनंद सगळं कानांत आणि घशात. मी जिना चढायला लागले की दारामागून 'ट्र्रर' असा आवाज येतो, आणि मग मागचे दोन्ही पाय एकदम उचलत टुणटुण पुढे येते. लघवी काढताना सुरुवातीला बोचकारायची. आता माझ्या दंडावर हनुवटी टेकून उभी राहते.

तिच्या भावंडांना असलं काही नाही. रंपी असूनही ठणठणीत मांजरं इथे पुष्कळ आहेत, ओट्यावर एका उडीत जातात. पण कुठलं पिल्लू गुंडीसारखं निघेल हे विकणाऱ्यालाही आधी कळत नाही, आणि फोटो बघून मागणी वाढली की जोड्या लावणारेही वाढतात. एखादं बिनशेपटी मांजर आपणहून दारात आलं तर मी म्हणेन, ठेव, आणि सगळं मी फोनवर शिकवीन. विकत आणायला मात्र मी मदत करणार नाही. तुमच्या पार्किंगमधली भाटी पुन्हा व्यायलीय म्हणालीस ना? चिनूला त्यातलं एक निवडू दे.

आणि फराळाचं पार्सल करणार असशील तर चकल्या कमी भर. त्याऐवजी काकूंची जुनी सुती लुगडी असतील तर पाठव, जितकी विटलेली तितकी बरी. इथले टॉवेल तिच्या ओल्या अंगाला खरखरीत लागतात. दिवसाला चार घड्या बदलाव्या लागतात, तेव्हा दोनतीन तरी पाठवच.

तुझी,
मंजू