फराळाच्या मोकळ्या पैशाबद्दल: काकूंना पत्र

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात घालत नाही, कारण जाहीर कौतुक तुम्हाला आवडत नाही. पण आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत. बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांसाठीच्या आमच्या केंद्राला फराळ विकून केलेली मदतही तुम्ही एकटीने केली नाहीत, डोंबिवलीतली तुमची अख्खी भिशी बरोबर घेऊन केलीत. तेव्हा भिशीतल्या सगळ्याजणींनी हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

बालगृहातला मुलगा 18 वर्षांचा झाला की त्याला बाहेर पडावं लागतं. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 मध्ये अशा मुलांना पायावर उभं राहायला आर्थिक मदतीची तरतूद आहे, त्यांना राहायला शासनाची अनुरक्षणगृहंही आहेत. तरी कितीतरी मुलं त्या दिवशी कपड्यांची एक पिशवी आणि कागदांची एक फाइल घेऊन रस्त्यावर उभी असतात. जुन्या वस्तीत परत गेलं तर जुनी संगत वाटच बघत असते. त्या काही महिन्यांत पोरगा कुठे झोपतो आणि कोणाबरोबर जेवतो, यावर पुढचं सगळं ठरतं. इतकी वर्षं या कामात काढल्यावर माझं हे ठाम मत झालं आहे.

आणि नेमक्या त्याच महिन्यांसाठी आमच्याकडे पैसे नसायचे. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी येतो, त्यावरच आमचे वर्ग चालतात, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण तो मंजूर झालेल्या खर्चालाच लावायचा असतो. त्यात संगणक बसतात, शिक्षकांचं मानधन बसतं. खोलीचं डिपॉझिट बसत नाही. पहिला पगार हातात येईपर्यंतचा लोकलचा पास, दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या, फुटलेला चष्मा, मुलाखतीला घालायचे बूट, यांना कुठल्याच अर्जात रकाना नसतो. तुमच्या फराळाचा पैसा मोकळा होता. तो या सगळ्याला लागला. आमच्या तीन मुलांनी मिळून घेतलेल्या पहिल्या खोलीचं डिपॉझिट तुमच्या चकल्यांचं आहे.

पहिलं वर्ष मला लख्ख आठवतं. तुम्ही म्हणालात, फराळ विकायचा तर आधी अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी, मग भाजणी. ते होईपर्यंत तुम्ही कोणालाही पीठ मळू दिलं नाहीत. मग तुमच्या स्वयंपाकघरात आमची चार मुलं आली. एकाला तुम्ही सोऱ्या दिलात, एकाला तराजूवर बसवलंत. मोहन कडकडीत हवं, नाहीतर चकली मऊ पडते, हे तुम्ही त्यांना तेलात पिठाची चिमूट टाकून दाखवलंत. सोऱ्यावाल्याचे पहिले वेढे तुटत होते. तुम्ही त्याच्या हातावर हात ठेवून एक चकली पूर्ण पाडून घेतलीत आणि लगेच बाजूला झालात. दुपारपर्यंत त्याचा हात बसला.

संध्याकाळी अनारसे हसले. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, दळण, गूळ, सगळं नीट केलं होतं, तरी तुपात पडताच पसरायला लागले. तराजूवरचा मुलगा पांढराफटक झाला. त्याला वाटलं, आता ओरडा बसणार, कारण पिठात गूळ त्याने मोजून घातला होता. तुम्ही झाऱ्याने तो चुरा निथळून काढलात, ताटलीत घेतलात, त्याच्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, ‘हसले तरी गोडच लागतात. खा, आणि पुढच्या घाण्याला थोडं तांदळाचं पीठ घाल.’ चुकल्यावर मार न बसता पुढचं काम हातात येतं, हे त्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असावं. मी दारात उभी होते. मला बोलता येईना.

याहून मोठं ऋण वेगळंच आहे. सोसायटीच्या सभेत कोणीतरी सुचवलं की एका मुलाला स्टेजवर बोलावू, त्याची कहाणी सांगायला लावू, फ्लेक्सवर फोटो घालू, लोक भरभरून देतील. काकू, मी गप्प राहिले. त्या महिन्यात आम्हाला पैशांची फार गरज होती, आणि मी मनातल्या मनात हो म्हटलं होतं. तुम्ही उठून म्हणालात, ‘आपल्याला चकली विकायची आहे, पोरगा नाही.’ बाल न्याय कायद्याचं कलम 74 बालकाची ओळख उघड करायला मनाई करतं. मला ते कलम पाठ होतं, तुम्ही कायदा वाचलेला नव्हता, आणि बोललात तुम्ही. तेव्हापासून आमच्या एकाही कार्यक्रमात कोणा मुलाने आपलं दुःख माईकवर सांगितलेलं नाही. पुढेही सांगणार नाही.

मग तुम्ही नाटकाचा खेळ घ्यायचं ठरवलंत. सावित्रीबाई फुले कलामंदिरातला प्रयोग, देणगी प्रवेशिका छापलेल्या, भिशीतली प्रत्येकजण पंधरा-वीस घरं वाटून घेतलेली. आणि मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली. तुम्ही वही काढून एकेकाला फोन केलात, पैसे परत घ्या म्हणून. बहुतेकांनी ‘राहू द्या’ म्हटलं. ज्यांनी परत मागितले त्यांच्याकडे तुम्ही तितक्याच आदराने पोचवलेत आणि वहीत नावापुढे बरोबरची खूण केलीत. त्या टाळेबंदीत आमच्या मुलांचं किराणा सामान त्या ‘राहू द्या’वर आलं. ती वही आता आमच्या कपाटात आहे. हिशेब कसा ठेवायचा हे नव्या कार्यकर्त्यांना मी तिच्यावरून शिकवते: देणगी कुठली, विक्री कुठली, चकलीच्या पैशांवर देणगीच्या आयकर सवलतीची पावती का देता येत नाही, आणि 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत का बसत नाही.

खोली देताना घरमालक बिचकले, तेव्हा ‘ही मुलं माझ्या ओळखीची आहेत’ असं तुम्ही पोलिस पडताळणीच्या आधी जाऊन सांगितलंत. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तुमच्या नातवंडांबरोबर ही मुलंही नवे शर्ट घालून उभी होती. येणारेजाणारे त्यांना इतरांसारखंच ‘हॅपी दिवाळी’ म्हणत होते. निधी संकलनाचा अहवाल लिहिताना ही गोष्ट कुठे नोंदवायची मला कळेना, म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या सगळ्यांच्या वतीने, मनापासून आभार.

तराजूवर बसणारा आता अंबरनाथला कारखान्यात फिटर आहे. यंदाची भाजणी दळून आणायला मीच जाणार, असा त्याचा निरोप आहे. रविवारी त्याची पाळी असते, त्यामुळे सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास येईल. डबे धुऊन ठेवा म्हणालाय. आणि अनारशाचं पीठ मात्र या वेळी तुम्हीच भिजवा, असंही.

तुमची,
केंद्रातली ताई