आमच्या गाडीला दर पंधरवड्याला हायवेवर फिरायला न्यावं लागतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'डिझेल की पेट्रोल' हा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी वाचायचं राहिलं. अर्धं पान, मधोमध चकचकीत गाडीचा फोटो, खाली तक्ता, त्यात ताकद, मायलेज, आवाज, रिसेल सगळ्याला हॉटेलला देतात तसे तारे दिलेत. आणि फिल्टरबद्दल एक ओळ, की नव्या डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असल्यामुळे आता प्रदूषणाची चिंता उरलेली नाही. बरोबर आहे. प्रदूषणाची चिंता उरलेली नाही, बाकीच्या चिंतांनी तिला जागाच ठेवलेली नाही.

मी डिझेलचा दुश्मन नाही हे आधी सांगतो, नाहीतर तुमचे तज्ज्ञ म्हणतील म्हाताऱ्याला गाडीतलं काय कळतंय. मामांची कराड-ढेबेवाडी वडापची जीप होती, तिच्या मागच्या फाळक्यावर लटकत मी कॉलेज केलं. थंडीत सकाळी हिटर देऊन, हाताने पंप मारून एअर काढायची आणि मग दोघांनी ढकलायची, की धडधडत सुरू. एकदा सुरू झाली की मामा दुपारपर्यंत बंदच करायचे नाहीत. दहाची जागा, माणसं अठरा, वर टोपल्या आणि कोंबड्या. डिझेलमध्ये रॉकेल मारलं तरी ती बिचारी पळायची. धूर मात्र असा की मागच्या माणसाच्या नाकातनं संध्याकाळी काळं निघायचं. तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही. पुढं २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कॅन्सर करणारा आहे असं जाहीर केलं तेव्हा मला पहिली आठवण त्या फाळक्याची झाली. म्हणजे फिल्टर पाहिजे, याबद्दल माझं भांडण नाही.

नंतर मी शेती औषधांच्या कंपनीत फिरतीवर होतो. २००९ साली छोटी डिझेल गाडी घेतली, तेच ते १.३ लिटरचं फियाटचं इंजिन जे मारुती, टाटा सगळ्यांनी वापरलं आणि लोक ज्याला नॅशनल इंजिन म्हणायचे, आपल्या रांजणगावातही बनायचं. अकरा वर्षांत दोन लाख साठ हजार किलोमीटर. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली उतरून चिपळूण, परत वर. चार माणसं आणि डिकीत सॅम्पलची खोकी घेऊन ती घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, तिथं पेट्रोलवाले दुसरा टाकून बोंबलत असायचे. लिटरला वीसच्या खाली कधी आली नाही. २०१२ च्या सुमाराला पेट्रोल आणि डिझेलमध्ये तीसेक रुपयांचा फरक होता, तेव्हा डिझेलवाला म्हणजे गावात शहाणा माणूस. पुढं २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलच्या दरावरचं सरकारी बंधन उठलं आणि तो फरक नंतर निम्म्याहूनही खाली आला, शहाणपण तेवढं जुन्या भावाचं राहिलं. माझंसुद्धा.

२०२१ ला रिटायर झालो. जुनी विकली आणि सवयीने परत डिझेलच घ्यायला गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही, कालच्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर त्यांचीच जाहिरात होती. शोरूममधल्या मुलाने अर्धा तास सनरूफ दाखवलं. कॉफी दिली. चावी देताना हार, पेढे, फोटो, मोठा थर्माकोलचा अंगठा. बजेट काय, रंग कोणता, लोन पाहिजे का, एक्सचेंज आहे का, सगळं विचारलं. एकच गोष्ट विचारली नाही, काका गाडी रोज किती चालणार आणि कुठं चालणार.

तर ती कुठं चालते ते सांगतो. विद्यानगरातून निघायचं, कृष्णेचा पूल ओलांडायचा, नातवाला शाळेत सोडायचं, मंडईतून भाजी घ्यायची, परत. सहा-सात किलोमीटर, त्यातलं निम्मं रिक्षामागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन नीट तापायच्या आत घरी.

सहा महिन्यांतच गंमत सुरू झाली. नातवाला सोडायला शाळेच्या दारात थांबलो, चावी बंद केली, तरी पुढचा पंखा घोंघावतोय. जळका वास. वॉचमन धावत आला, म्हणाला काका बॉनेट उघडा, पेटतीय बहुतेक. आठ दिवसांनी परत तेच. मला वाटलं ऊन. नंतर कळलं की त्या डीपीएफमध्ये धुराची काजळी साठते आणि ती जाळायला इंजिन मधेच स्वतःहून जादा डिझेल सोडतं, सहाशे डिग्रीपर्यंत तापवतं आणि साफ करून घेतं. पण त्याला सलग चालणारी गाडी लागते. मी दर वेळी ऐन भरात चावी बंद करत होतो. म्हणजे कुणीतरी आंघोळीला बसलंय आणि आपण रोज येऊन नळ बंद करतोय.

मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं डिपस्टिक काढली तर ऑइल वाढलेलं! चाळीस वर्षं गाड्यांच्या आसपास आहे, ऑइल कमी झालेलं शंभर वेळा पाहिलंय, वाढलेलं पहिल्यांदाच बघितलं. काजळी जाळायला सोडलेलं जादाचं डिझेल, जळण अर्धवट राहिल्यामुळे, खाली ऑइलमध्ये उतरत होतं. लॅपटॉप लावला, गाडी जागेवर अर्धा तास बोंबलवली, ऑइल बदललं, बिल हातात. वॉरंटीत आहे ना, म्हटलं. तर तो मुलगा, नातवापेक्षा थोडासा मोठा, मला म्हणतो, "सर, तुमचा ड्रायव्हिंग पॅटर्न चुकीचाय."

काय राव. नातवाला शाळेत सोडणं हा पॅटर्न चुकीचा?

म्हटलं हे आधी का नाही सांगितलं. तर म्हणे मॅन्युअलमध्ये आहे. घरी येऊन मॅन्युअल काढलं, इंग्रजी, दोनशेच्या पुढच्या पानावर, टायर पंक्चर झाला तर काय करायचं त्याच्या नंतर. आणि फिल्टर पार बसला तर नवीन केवढ्याला, विचारलं, तर लाखाच्या वरचा आकडा सांगितला. एवढ्यात माझी २००९ ची गाडी आज परत विकत येईल.

उपाय काय, तर पंधरा दिवसांतून एकदा हायवेला न्या, साठच्या वर ठेवा, वीस मिनिटं न थांबता. ऐकायला किती सोपं आहे बघा. आता तुमच्या लेखकांनी एकदा कराडला यावं आणि वीस मिनिटं न थांबता साठने गाडी चालवून दाखवावी, चहा माझ्याकडून. दक्षिणेला जायचं तर तेव्हा मलकापूरला जुना उड्डाणपूल पाडून नव्याचं काम चालू होतं, कोल्हापूर नाका पार करायलाच कधी कधी अर्धा तास, साठ कुठले, सहाने सुद्धा नाही. त्यात फिल्टर साफ व्हायच्या ऐवजी अजून भरायचा. उत्तरेला जायचं तर तासवड्याचा टोलनाका. टोलच्या अलीकडून वळलं तर दहा-बारा मिनिटंच होतात, फिल्टरला पाहिजेत वीस! म्हणजे काजळी जाळायला डिझेल माझं, वेळ माझा आणि वर टोलही मीच द्यायचा, तोही असल्या रस्त्याचा. सहा लेन होणार, सहा लेन होणार ऐकून कान किटले, सर्व्हिस रोडवरचे खड्डे तेवढे वेळेत पूर्ण झाले. त्याच्यावर तुमच्या पुरवणीत अर्धं पान कधी येत नाही, तो वेगळा विषय आहे, जाऊ दे. शेवटी २०२५ ला तो टोलचा तीन हजारांचा दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला तोसुद्धा काढला. सोसायटीतले विचारतात, काका, पुण्याला जाणं वाढलंय का? काय सांगू, फिल्टरला टोलच्या पलीकडं उंब्रजपर्यंत फिरवून आणतोय.

बरं, लेखात म्हटलंय की डिझेलला दिलेले जादाचे पैसे काही वर्षांत वसूल होतात. कुणाच्या काही वर्षांत? माझा हिशोब देतो. पेट्रोलपेक्षा सव्वा लाख जास्त मोजले. किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात धरा, हे मी उदारपणे धरतोय. म्हणजे चाळीस-बेचाळीस हजार किलोमीटर झाले की वसूल. फिरतीवर होतो तेव्हा हे दोन वर्षांच्या आत झालं असतं. आता वर्षाला अडीच हजार चालते, म्हणजे सोळा-सतरा वर्षं. आणि रजिस्ट्रेशनच मुळात पंधरा वर्षांचं असतं, पुढं पासिंग करायचं ते वेगळं. हां, फिल्टरला फिरवायला जातो ते किलोमीटर धरले तर जरा लवकर वसूल होतील, तेवढा एक फायदा तक्त्यात घालायला हरकत नाही, तारा मी देतो.

मारुतीने २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले तेव्हा डिझेल गाड्या बंदच केल्या. तेव्हा आम्ही कट्ट्यावर हसलो होतो, म्हटलं घाबरले. आता वाटतं त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. छोट्या गाडीत एवढी सगळी यंत्रं घालून तिची किंमत कुठं जाणार आणि ती घेणारा माणूस तिला कुठं चालवणार, हे त्यांनी बघितलं असणार. मात्र ज्याचं रोजचं शंभर-दीडशे किलोमीटर आहे, पाटणला दूध घालतो, कोकणात माल नेतो, त्याला आजही डिझेलच, त्याचा फिल्टर घाटातच साफ होतो, त्याला माझा पिवळा दिवा आयुष्यात दिसणार नाही. माझ्या जुन्या कंपनीतला पोरगा तसलीच गाडी चालवतो, त्याला विचारलं तर म्हणाला, "डीपीएफ म्हणजे काय वो काका?" एवढं साधं आहे. आणि एवढंच तुमच्या अर्ध्या पानात नाही.

पेट्रोल घे म्हणणाऱ्यांनी जास्त खूश होऊ नये, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून आमचे शेजारी रोज मायलेज मोजून रडतायत. त्यांचं पत्र ते लिहितील.

आता खरं सांगतो. आमच्याकडं एक मेकॅनिक आहे, हाताला गुण आहे त्याच्या. तो म्हणाला, "काका, कशाला कटकट, वीस-बावीस हजारात आतली जाळीच काढून टाकतो, सॉफ्टवेअरमधून दिवा पण बंद करतो, गाडी अशी पळंल की बघतच राहाल." म्हटलं पीयूसीला कळेल. तो हसला. त्याचं हसणं मला कळलं, कारण गेल्या वेळी दीडशे रुपये देऊन पीयूसी काढली तेव्हा पाइप सायलेन्सरपर्यंत पोचलाच नव्हता, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि कागद दिला. म्हणजे ज्या फिल्टरपायी मी टोल भरत फिरतोय तो गाडीत आहे की नाही हे बघणारा कुणीच नाही. सल्फर दहा पीपीएमवर, म्हणजे दहा लाखात दहा भागांवर, आणलेलं डिझेल, बीएस सिक्स, सगळं दिल्लीत ठरलं, फक्त कराडच्या पेट्रोल पंपाशेजारच्या पीयूसीच्या व्हॅनमध्ये ते पोचायचं राहिलं. मागं शाळेबाहेर एक तसली जाळी काढून टाकलेली गाडी रेस होताना बघितली. काळा ढग, अगदी मामांच्या जीपसारखा, आणि त्याच्यात दप्तर घेऊन उभी पोरं.

मी मेकॅनिकला अजून हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. रविवारी उंब्रजला जाऊन आलो की दोन-तीन दिवस नाही म्हणावंसं वाटतं, दिवा परत लागला की हो.

तुमच्या तज्ज्ञांना एवढंच विचारायचं होतं की पुढच्या तक्त्यात 'रोज किती चालवता' असा एक रकाना घालायला किती खर्च येईल? एखादी जाहिरात लहान करून बसेल तो.

आपला,
पस्तीस वर्षांचा वाचक
विद्यानगर, कराड

ता. क. : शब्दकोड्याचं उत्तर गेले दोन रविवार छापलेलं नाही. आडवा अकरा नंबर मला तरी सुटलेला नाही, आणि मिसेसना वाटतंय तो शब्दच चुकलाय.