ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडमना, मनापासून थँक्यू

मॅडम, नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय कारण माझ्या वयाच्या कितीतरी बायका, आणि पुरुष पण, चांगली येत असलेली गाडी सोडून घरी बसलेत, त्यांनी पण वाचावं असं वाटतं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. कोल्हापुरातले ओळखणारे ओळखतीलच.

आमच्या घरात ड्रायव्हर मीच. ह्यांना गाडी कधी आली नाही आणि त्याचं त्यांना काही वाटलं पण नाही. माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे सेकंडहँड मारुती ८०० होती तेव्हापासून मलकापूर, आंबा, साखरपा, पाली हा रस्ता मीच चालवत आलेय, मागे मुलं, डिकीत आंब्याच्या पेट्या, शेजारी हे. मग ६८ व्या वर्षी डाव्या गुडघ्याची वाटी बदलली आणि क्लच दाबणं जड जायला लागलं. घरात एकच सूर, आता बास, ड्रायव्हर ठेवू. मुलगा आणि सून काळजीनेच बोलत होते, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण जो तो मला माझं वय सांगत होता, शेजारी बसून ही बाई गाडी कशी चालवते ते कुणीच बघत नव्हतं. ते तुम्ही बघितलंत. थँक्यू म्हणायचंय ते ह्याच्यासाठी.

पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलंय का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, बीपीची गोळी कधी घेता, त्याने झोप येते का. मग रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या गाडीची नंबर प्लेट वाचायला लावलीत. एवढं सगळं झाल्यावर म्हणालात, "काकू, बसा स्टिअरिंगवर." इतकं नीट तर लायसन्स रिन्यू करताना पण मला कुणी विचारलं नव्हतं (पंचावन्न ओलांडल्यावर दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं असतं, डॉक्टरचं १-ए, म्हणजे तब्येत ठीक असल्याचं, सर्टिफिकेट जोडून, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते).

आमच्या नव्या ऑटोमॅटिक गाडीत क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नसतं आणि माझ्या डाव्या पायाला ते पटतच नव्हतं, इतक्या वर्षांची सवय. तुम्ही म्हणालात, "काकू, डावा पाय मागे सीटजवळ घ्या आणि तिथेच राहू द्या, ब्रेक पण उजव्यानेच आणि ॲक्सिलरेटर पण उजव्यानेच." सकाळी रस्ता मोकळा असताना तेच परत परत करून घेतलंत, न चिडता, आणि पाय हलला की नुसतं "पाय" एवढंच म्हणायचात. मग जोतिबाच्या डोंगरावर नेलंत. चढावर थांबून परत गाडी उचलताना एएमटी (आमची ऑटोमॅटिक त्या प्रकारची आहे) जरा मागे सरकते, म्हणून आधी हँडब्रेक कसा धरायचा, उतरताना डी (आपोआप गिअर) मधून एम (हाताने गिअर) मध्ये टाकून दुसऱ्या गिअरवर गाडी कशी रोखायची म्हणजे सारखा ब्रेक दाबून तो तापत नाही, आणि ह्या गाडीला पी, म्हणजे पार्किंगचा गिअर, नसतोच त्यामुळे उभी करताना हँडब्रेक विसरायचा नाही, हे सगळं तिथे वळणावर दाखवलंत. नवीन गाडी देताना शोरूममधल्या पोराने चावी हातात दिली, फोटो काढला आणि संपलं.

आणि एक गोष्ट तुम्ही तोंडावर सांगितलीत. संध्याकाळी हायवेला नेलंत, समोरून लाईट आले की मी किती स्लो होते ते बघितलंत आणि परत आल्यावर म्हणालात, काकू, दिवसा तुम्ही माझ्या निम्म्या स्टुडंट्सपेक्षा छान चालवता, पण रात्री नको, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तरी नकोच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही नको म्हणालात ते बघून म्हणालात, म्हणून ते लगेच पटलं, आणि त्याच तोंडाने दिवसा चालवा म्हणालात म्हणून त्याच्यावर पण विश्वास बसला. आता अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडत नाही.

मोबाईलचं तर फीमध्ये नव्हतंच, तरी शिकवलंत. आणि शिकवताना फोन माझ्याच हातात ठेवलात. घरी काय होतं, "दे इकडे" म्हणतात, भराभर बोटं फिरवतात आणि "हे घे झालं", मग परत तेच अडतं. तुम्ही मॅप ऑफलाईन डाऊनलोड करायला माझ्या बोटाने शिकवलंत, घाटात रेंज गेली तरी जीपीएस सॅटेलाईटवर चालतो म्हणून निळा ठिपका पुढे सरकत राहतो हे समजावलंत. फास्टॅगचा बॅलन्स कुठे बघायचा, केवायसी करा म्हणून मेसेजमध्ये लिंक आली तर ती दाबायची नाही, नॅशनल हायवेवर अडचण आली तर १०३३ आणि जिवावरचं काही असेल तर ११२. हे दोन नंबर ह्यांनी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवलेत.

दिवाळीनंतर आम्ही दोघंच रत्नागिरीला जाऊन आलो. चौपदरीकरणाचं काम चालू असल्यामुळे एके ठिकाणी मॅप सरळ जा म्हणत होता आणि समोर वळवलेल्या रस्त्याचा बोर्ड, तिथे तुमचं वाक्य आठवलं, आधी बोर्ड मग फोन. आंबा घाट दुसऱ्या गिअरवर उतरले, चढून येणाऱ्या ट्रकला आधी वाट दिली, साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा ब्रेकचा जराही वास नव्हता. हे म्हणाले, तू आधीपेक्षा शांत चालवतेस. पालीच्या पुढे ते चक्क झोपले, माझ्या गाडीत ते क्वचितच झोपतात!

भावाने दारात मलाच स्टिअरिंगवर बघितलं आणि काही बोललाच नाही, नुसतं गेट पूर्ण उघडलं. मॅडम, ते बघायला तुम्ही तिथे असायला हव्या होत्या.

बाकी, माझी एक मैत्रीण पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येतेय. मिस्टर गेल्यापासून तिची गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. गाडीवर तिचा हात चांगला आहे, फक्त कुणीतरी शेजारी बसायला पाहिजे. सकाळची पहिली बॅच द्या तिला, आणि जोतिबाला न्यायच्या आधी दोन दिवस सांगा, ती घाबरते, मी मागच्या सीटवर येऊन बसेन.

तुमची,
काकू