‘लिटरली’च्या निमित्ताने

पुणे

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

लेकीच्या ‘लिटरली’ने, म्हणजे ऊठसूट ‘अक्षरशः’ म्हणण्याने, तुझं डोकं उठलंय, हे तुझ्या पत्रातून चांगलंच कळलं. ‘आय लिटरली डाइड’ म्हणणारी पोरगी पुढच्या मिनिटाला पोहे मागते, हा तुझा टोमणा आवडला. पण तिच्या पिढीवर खापर फोडू नकोस. अतिशयोक्तीतलं ‘लिटरली’ एकोणिसाव्या शतकातला कादंबरीकार डिकन्सनेही वापरलंय.

हे रडगाणं जुनंच आहे रे. १७१२ मध्ये ‘गलिव्हर’वाल्या जोनाथन स्विफ्टने इंग्रजीला लगाम घालायला चक्क मंडळ नेमा म्हणून सुचवलं. ‘मॉब’ (जमाव) हा लॅटिन शब्द तोडून केलेला शब्द त्याला खपत नसे. आज तो कुणाला खटकतो?

खरी गंमत मात्र अमेरिकेतली. १९६१ मध्ये वेब्स्टरच्या मोठ्या कोशाची तिसरी आवृत्ती आली. संपादक फिलिप गव्ह यांचं म्हणणं साधं होतं: लोक कसं बोलतात ते कोशाने नोंदवावं, कसं बोलावं ते शिकवू नये. ‘एन्ट’बद्दल (ain’t, म्हणजे ‘इझन्ट’, ‘आरन्ट’ची बोलीतली जागा घेणारा शब्द) कोशात लिहिलं, की पुष्कळांना हा शब्द नापसंत आहे, पण अनेक सुसंस्कृत माणसंही तो बोलण्यात वापरतात. झालं! वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. न्यूयॉर्क टाइम्सने आपण १९३४ची जुनी आवृत्तीच वापरणार, असं जाहीर केलं. ‘अमेरिकन हेरिटेज’ मासिकाच्या प्रकाशकांनी तर वेब्स्टरची प्रकाशन कंपनीच विकत घ्यायचा घाट घातला. ते जमलं नाही, तेव्हा १९६९ मध्ये स्वतःचा कोश काढला आणि कुठला प्रयोग चालेल, यावर शंभरेक नामवंतांची मतं मागवली. भाषेचं मतदान!

आता बघ, हाच ‘एन्ट’ एके काळी इंग्लंडातले उमराव बिनदिक्कत बोलत. तेव्हा तो खानदानी. कामगार आणि काळ्या लोकांच्या तोंडी दिसू लागला, की अडाणी. म्हणून मला वाटतं, हा राग बहुतेक वेळा शब्दावर नसतोच, बोलणाऱ्यावर असतो. कोर्टाच्या कागदात किंवा औषधाच्या चिठ्ठीत नेमकेपणा हवाच, तिथे मी तुझ्या बाजूचा. जेवणाच्या टेबलावर कशाला?

आणि तू ऑफिसात ‘मीटिंग प्रीपोन करा’ म्हणतोस, त्याचं काय? ऑक्सफर्डच्या कोशात तो शब्द गेलाय, पण आपल्या इंग्रजीचा म्हणून. लेकीला हे सांगू नकोस हं, हातात कोलीत मिळेल.

गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर? वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत