पाणसुरुंग काढणार कोण?

महोदय,

४ डिसेंबरला नौदल दिन आला की कान्होजी आंग्र्यांचे नाव हमखास निघते. निघायलाच हवे. त्या आरमाराचा शेवट सांगताना मात्र आपण घाईने पुढे सरकतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांची जहाजे जळाली, तेव्हा इंग्रजांना मदतीला घेणारे खुद्द नानासाहेब पेशवेच होते. तुळाजी कैद झाले, भांडण मिटले. पण किनाऱ्यावरचा तो जुना धाक परत आला नाही.

आज आपला आकारमानाने सुमारे ९५ टक्के परदेश व्यापार समुद्रावरून होतो. नौदल काय करू शकते, ते मार्च २०२४ मध्ये दिसले. ‘आयएनएस कोलकाता’ने सोमाली चाच्यांच्या ताब्यातले ‘रुएन’ हे मालवाहू जहाज भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर अडवले, विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो उतरले, १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाचे मुंबईत पोलिसांच्या हवाली झाले.

एवढ्या लांब पोहोचणाऱ्या या नौदलाकडे बंदराच्या तोंडाशी टाकलेले पाणसुरुंग, म्हणजे पाण्यात पेरलेली स्फोटके, काढणारे एकही खास जहाज २०१९ पासून नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? जुनी रशियन बनावटीची जहाजे एकेक करून निवृत्त झाली. त्यांच्या जागी गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनीच्या साहाय्याने १२ जहाजे बांधायची होती. वर्षानुवर्षे बोलणी करून तो बेत गुंडाळला गेला. २०२५ मध्ये नव्याने तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. मंजुरी म्हणजे जहाज नव्हे, हे सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कुणालाही सांगायला नको.

पाणसुरुंग तसा स्वस्त, रात्रीत टाकता येणारा. मुंबई बंदर आणि न्हावाशेवा यांचा मुख्य जलमार्ग एकच आहे. तिथे सुरुंग असल्याची नुसती शंका आली तरी विमा कंपन्या हात वर करतील आणि कंटेनर बाहेरच खोळंबतील. विनाशिका आणि पाणबुड्या हव्यातच, माझगाव डॉकचे काम अभिमानाचेच आहे. पण त्याही याच वाटेने बाहेर पडतात.

किनारपट्टीच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात दोनच गोष्टी विचाराव्यात: बांधणीचा करार कधी होणार, आणि पहिले जहाज येईपर्यंत मुंबईचा जलमार्ग साफ ठेवायची तजवीज काय?

– एक वाचक, अलिबाग