आईला कुंकवाची जागा विचारणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार. इथे नाव छापलेलं आपल्याला आवडणार नाही म्हणून ते टाळते, पण पत्र कुणासाठी आहे हे आपल्याला कळेलच. टाके केव्हाच निघाले, तरी आपला विषय निघाला की आम्हा मायलेकींचा गळा अजून भरून येतो.

तोंडावरून वारं जाऊन चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली तेव्हापासून आईची उजवी भुवई खाली उतरली, ती उतरलीच. वाचताना एका हाताने भुवई वर धरायची आणि दुसऱ्या हाताने पोथीची पानं उलटायची. आपल्याआधी ज्यांना दाखवलं, त्यांचा राग मनातून जात नाही. एकाने "या वयात सौंदर्य कशाला?" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्याने सगळं बोलणं माझ्याशीच करून पापणीची जादा कातडी कापायची तारीखही देऊन टाकली. आणखी एकाने डोक्यावरून या कानापासून त्या कानापर्यंत छेद घ्यायचा, एवढंच सांगितलं. आई शेजारीच बसली होती. तिला कुणी एक शब्द विचारला नाही.

आपण स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात, तिच्या हाती आरसा दिलात आणि विचारलंत, "आई, कुंकू कुठं लावता? फुलं कशी माळता?" आईने बोट ठेवून दाखवलं: कुंकू इथे, अबोलीचा वळेसर इथे. मग आपण तिची भुवई अंगठ्याने अलगद वर उचललीत. पापणी मोकळी झाली. दोष पापणीचा नाहीच, नुसती पापणी कापली तर भुवई आणखी खाली ओढली जाऊ शकते, हे तिने स्वतः आरशात पाहिलं.

पुढे पेनने तिच्या कपाळावर एकेक रेघ काढत गेलात. कानापासून कानापर्यंतचा छेद केसांत लपतो, पण त्याने केसांची रेषा मागे सरकते, आईचं कपाळ मुळातच मोठं. शिवाय डोक्याला बधिरपणा राहू शकतो. दुर्बिणीने छेद लहान, पण जिथला स्नायूच काम करत नाही तिथे एवढी जड भुवई पुरेशी वर टिकेलच असं नाही. भुवईच्या अगदी वरच्या कडेने कातडीची पट्टी कापून काढली तर उचल चांगली मिळते, तेवढाच भाग बधिर करूनही भागतं, मात्र व्रण तोंडावर राहतो. हा शेवटचा तोटा आपण दोनदा सांगितलात. त्यातच आमचा विश्वास बसला. आईने तिसरी रेघ निवडली, आणि आपण तिच्याच तोंडून होकार घेतलात.

माणसाशी माणसासारखं बोलायला वेगळं यंत्र लागत नाही, तरी ते किती दुर्मीळ झालंय! म्हाताऱ्या बाईलाही तिच्या चेहऱ्याबद्दल मत असतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

व्रणाची बारीक रेघ आहे. आई ती झाकत नाही, उन्हापासून मात्र आपण सांगितल्याप्रमाणे जपते. यंदा गणेश चवथीला गोव्यात साखळी गावी आमच्याकडे जरूर या. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना कुठलं फळ कुठे टांगायचं, हे खाली उभी राहून आईच सांगणार आहे. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आपल्यासाठी वेगळ्या काढून ठेवते.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची लेक