‘सेंट’ म्हणजे पोच नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझ्या भाच्याला एका शिक्षणसंस्थेकडून मुलाखतीचे बोलावणे ई-मेलने यायचे होते. ते आलेच नाही आणि तारीख उलटून गेली. चौकशीला गेलो तेव्हा तेथील कारकुनाने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून ‘सेंट’ हा शब्द दाखवला आणि संस्थेच्या लेखी विषय संपला.

मेल सर्व्हर सांभाळण्यातच नोकरीची वीस वर्षे गेल्यामुळे माझे समाधान झाले नाही. ई-मेल बहुधा थेट समोरच्याच्या पेटीत पडत नाही; वाटेतले रिले सर्व्हर तो उतरवून घेऊन पुढे धाडतात. रिलेने दिलेल्या ‘२५०’ या उत्तराचा अर्थ इतकाच, की मेल पोचवण्याची, आणि न पोचल्यास पाठवणाऱ्याला तसे कळवण्याची जबाबदारी त्याने पत्करली. एसएमटीपी या ई-मेल पोचवण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या १९८२ सालच्या नियमावलीतही अशी सूचना पाठवण्याचे बंधन आहेच. संस्थेच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, हे ‘२५०’ होते. मग मी ‘नोरिप्लाय’ची, म्हणजे ज्या पत्त्यावरून मेल जातात पण आलेले कोणी वाचत नाही त्याची, पेटी उघडायला लावली. (तिचा पासवर्ड शोधण्यातच अर्धा तास गेला.) तेथे न वाचलेल्या ढिगात रिलेची सूचना पडून होती: भाच्याच्या कॉलेजचा सर्व्हर अनोळखी सर्व्हरला ‘४५१’, म्हणजे ‘तूर्त नको, नंतर या’, असे सांगत होता, रिले दर खेपेस वेगळ्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील यंत्राच्या क्रमांकावरून) जात असल्यामुळे दर खेपेस अनोळखीच ठरत होता, आणि पाच दिवसांनी त्याने नाद सोडला. रिलेने आपले काम चोख केले होते. त्याचे ऐकायला मात्र कोणी बसलेले नव्हते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्येही ‘पाठवणे’ आणि ‘मिळणे’ या दोन वेगळ्या घटना मानल्या आहेत, आणि पोच मागण्याची सोय कलम १२ मध्ये आहे. रजिस्टर पत्राची पोचपावती फायलीला टाचून ठेवत आलेल्या कार्यालयांना हा भेद नवा नसावा. तेव्हा मुदतीशी बांधलेले पत्र ई-मेलने धाडणाऱ्या प्रत्येक संस्थेने परत आलेले मेल रोज पाहण्याचे काम एका कर्मचाऱ्याकडे नावानिशी सोपवावे, उमेदवाराकडून पोच मागावी, आणि दोन दिवसांत ती न आल्यास अर्जावरच्या क्रमांकावर फोन करावा.

आपला,
एक वाचक, ठाणे